वाळूच्या रंगाचं घर

रंगांच्या दुकानात तिला सगळे छटाबाई म्हणत. मालकाने चेष्टेने ठेवलेलं नाव, पण ते इतकं चिकटलं की गिऱ्हाइकंही दारातूनच विचारायची, "छटाबाई आहेत का आज?" अकरा वर्षं ती त्या काउंटरमागे उभी होती. कुणी घरच्या भिंतीचा नखाएवढा पोपडा कागदात गुंडाळून आणला, तरी ती तो उजेडात धरायची, डोळे बारीक करायची आणि थोड्याच वेळात त्याच रंगाचा डबा पुढ्यात ठेवायची. पांढऱ्याचे तीसेक प्रकार तिला नुसत्या नजरेने सांगता यायचे. मालक म्हणायचा, "हिला दोन पांढरी मांजरं दाखवा, त्यातलं पिवळट कुठलं ते सांगेल."

पुढे लोक तिला घरीच बोलवायला लागले. भिंतींना काय लावू, पडदे कसले घेऊ, दारं कुठल्या रंगात करू. ती सगळ्यांना एकच सांगायची: घर एका रंगाच्या कुटुंबात बसलं पाहिजे. एक रंग धरा, त्याच्याच फिक्या, मध्यम छटा घ्या, बाकी सगळं त्यात विरघळू द्या. मग खोली मोठी वाटते, घर शांत वाटतं.

या हौसेमागे जुनी लाज होती. तिचे वडील बोटींच्या कारखान्यात रंगारी होते. डब्याच्या तळाशी उरलेला रंग ते घरी आणायचे आणि पुरेल तिथवर लावायचे. स्वयंपाकघर कमरेपर्यंत हिरवं, वर राखाडी. दाराची एक फळी लाल, दुसरी निळी. शाळेतली एक मैत्रीण एकदा घरी आली, चारी बाजूंनी बघितलं आणि खो-खो हसत सुटली. त्या दिवसापासून छटाबाईने कुणाला घरी आणलं नाही.

म्हणून स्वतःचं घर करायची वेळ आली तेव्हा तिने कसर ठेवली नाही. घर लहानच. पुढची खोली, तिथून एक पायरी वर चढलं की अरुंद बोळ, बोळाच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणीघर, टोकाला दोन खोल्या. सगळीकडे तिने एकच रंग धरला, कोरड्या वाळूचा. भिंती वाळूच्या, दारं त्याहून पुसट, चौकटी दारांसारख्याच. फरशी, पायरी, पडदे, न्हाणीघरातल्या टाइल्स, सगळं त्याच कुळातलं. अगदीच मिळमिळीत नको म्हणून न्हाणीघरासमोर आणि स्वयंपाकघराच्या दारात गडद निळ्या रंगाची दोन गोल पायपुसणी टाकली. मालकाने फोटो काढून दुकानात लावला. तो बघून लोक म्हणायचे, "आम्हाला असंच हवंय."

घरात माणसं तीन. छटाबाई, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा तिचा नवरा आणि सासूबाई. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात शाळांचे गणवेश शिवले होते. पंचाहत्तरीला टेकल्या होत्या, पण जीभ कात्रीसारखी चालायची. नवं घर पाहून त्या म्हणाल्या, "झालंय छान. आता मी यात हरवले तर शोधायला या म्हणजे झालं."

सगळे हसले. छटाबाई जरा जास्तच हसली.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आला तो आवाज. दुपारी ती पुढच्या खोलीत रंगांची शेडकार्डं पसरून बसलेली असायची, आणि बोळातून कुणीतरी भिंतीला कागद घासल्यासारखं खर्र, खर्र ऐकू यायचं. थोडं थांबायचं, पुन्हा खर्र. एक दिवस तिने वाकून पाहिलं. सासूबाई भिंतीला तळहात लावून एकेक पाऊल टाकत होत्या. चेहरा असा, जणू पायाखालची फळी कधीही निसटेल.

"आई, चक्कर येतेय का?"

"कसली चक्कर? भिंत गार आहे, बरं वाटतं."

मग दुधाचा पेला सांडला. तो समोरच्या टेबलावर ठेवला होता, आणि सासूबाईंनी हात घातला तो पेल्यालाच धडकला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. सुईत दोरा ओवणं त्यांनी कधीच सोडलं होतं, कंटाळा आला म्हणायच्या. आता त्या स्वयंपाकघरातही येईनाशा झाल्या. दाराशी यायच्या आणि थबकायच्या.

"या ना आत," छटाबाई म्हणायची.

"असू दे. इथूनच बोलते."

एका सकाळी न्हाणीघरासमोर त्यांनी मुलाचा दंड घट्ट धरला. "पुढे जाऊ नकोस. खड्डा आहे."

"कुठं खड्डा? पायपुसणं आहे ते, आई."

"मला शिकवू नकोस. खोल आहे. बघ, तळ दिसत नाही."

नवरा हसत हसत पायपुसण्यावर उभा राहिला, नाचल्यासारखं करून दाखवलं. सासूबाई डोळे विस्फारून त्याच्या पावलांकडे बघत राहिल्या, आणि त्यांची पकड इतकी आवळली गेली की त्याच्या दंडावर बोटांचे वळ उठले. त्याचं हसू तिथेच विरलं. त्या दिवशी त्या न्हाणीघरात गेल्याच नाहीत. दुपारी छटाबाईला त्यांच्या गादीखाली ओलं लुगडं सापडलं, घडी घालून लपवलेलं. घरातलं सगळ्यांत ताठ माणूस अशी लपवाछपवी करतंय, हे काहीतरी भलतंच होतं.

नणंद आली, तिने सगळं ऐकलं, आईला चार प्रश्न विचारले आणि भावाला बाजूला घेऊन म्हणाली, "आईचं डोकं फिरायला लागलंय. माझ्या ऑफिसातल्या बाईंच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. वर्षाच्या आत मुलांना ओळखेनासे झाले." मेंदूच्या डॉक्टरांकडे नाव घातलं. वेळ मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

ते तीन आठवडे छटाबाईने जीव मुठीत धरून काढले. नवरा कामावर गेला की घरात त्या दोघीच. दुकानात जाणं तिने बंद केलं होतं. खर्र असा आवाज आला की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि आवाज थांबला की त्याहून जास्त भीती वाटायची. आता काय झालं? पडल्या? की नुसत्या उभ्या आहेत? खरं सांगायचं तर तिला सासूबाईंची काळजी वाटत होती तशीच त्यांची धास्तीही वाटायला लागली होती. बघता बघता त्या मागून येऊन उभ्या राहतील आणि तू कोण म्हणून विचारतील, असं सारखं मनात यायचं.

एके दिवशी भर दुपारी बोळातून रडण्याचा आवाज आला. लहान मूल गर्दीत चुकल्यावर रडतं तसा. ती धावली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. दोन्ही तळहात भिंतीवर, वरून खाली, डावीकडून उजवीकडे चाचपत होत्या.

"दार कुठं गेलं? माझ्या खोलीचं दार कुणी नेलं?"

दार त्यांच्या उजव्या हाताला वीतभर अंतरावर होतं. छटाबाईने त्यांचा हात धरून कडीवर ठेवला. कडी हाताला लागताच सासूबाईंनी असा श्वास सोडला, जणू बुडता बुडता वर आल्या होत्या. मग तिच्याकडे न बघता पुटपुटल्या, "कुणाला सांगू नकोस."

डॉक्टरांची वेळ यायला चार दिवस असताना त्या पायरीवरून पडल्या. बोळातून पुढच्या खोलीत उतरताना पाऊल सरळ हवेत पडलं. छटाबाईने नुसता धप्प आवाज ऐकला. मनगट मोडलं, भुवईवर खोक पडली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण टाके घालता घालता हळूच विचारत होती, "आजी, घरात कुणाचा त्रास आहे का?"

सासूबाई म्हणाल्या, "मला त्या घरात परत नेऊ नका."

नणंदेने मान वळवून छटाबाईकडे पाहिलं. ती नजर तिला सुरीसारखी लागली. नवरा तिच्याकडे बघायचंच टाळत होता, ते जास्त झोंबलं. आपण काय केलं, हे तिला सांगताही येईना, कारण तिला ते ठाऊकच नव्हतं.

सासूबाईंना दवाखान्यात ठेवून घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी भलतंच घडलं. सासूबाई कुणाच्या मदतीशिवाय उठल्या, चालत टोकाच्या संडासात गेल्या आणि परत आल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला गळ्याचं माप कसं घ्यायचं ते शिकवत होत्या. पायऱ्या उतरल्या, चढल्या. नर्सला म्हणाल्या, "तुझ्या गणवेशाची बाही चुकलीय, मी असते तर असं सोडलं नसतं."

"वेड लागलेलं माणूस असं असतं का?" छटाबाईने नवऱ्याला विचारलं.

"इथं बरी आहे," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. घरी बरी नाही, हे त्याने बोलायचं टाळलं.

ती एकटीच बाकावर बसून राहिली. समोर दवाखान्याचा जुनाट बोळ होता. भिंती पांढरट, संडासाचं दार बाटलीसारखं हिरवंगार, त्याला काळपट चौकट. पायऱ्यांच्या कडांना पिवळेधमक पट्टे. तिला तो बोळ आल्यापासून कुरूप वाटत होता. पण आता तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती झटकून टाकायचा तिने जितका प्रयत्न केला तितकी ती चुकचुकतच राहिली.

संध्याकाळी कपडे न्यायला म्हणून ती घरी आली. बोळाच्या तोंडाशी उभं राहून फोनवर फोटो काढला आणि त्यातला रंग काढून टाकला. हा प्रयोग ती गिऱ्हाइकांना नेहमी करून दाखवायची. बघा, रंग काढला तरी कुठे काही खटकत नाही, सगळं एकसारखं राखाडी, म्हणजे आपलं जमलं. आता तोच फोटो तिने बघितला. बोळात दारंच नव्हती. पायरी नव्हती. भिंत कुठे संपते आणि फरशी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. नुसतं धुकं, आणि त्या धुक्यात दोन काळीशार भोकं.

तिने स्वतःच्या चष्म्याच्या काचांवर हातापायांना लावायचं क्रीम चोपडलं, तो डोळ्यांवर चढवला आणि बोळातून चालायला लागली. दहा पावलांचं घर. स्वतः निवडलेला एकेक रंग. चौथ्या पावलाला तिचा हात आपोआप भिंतीला लागला. खर्र. आपल्याच हाताचा तो आवाज ऐकून ती दचकली. पुढे न्हाणीघरासमोर पायपुसणं होतं, हे तिला माहीत होतं, दुकानातून तिनेच ते उचलून आणलं होतं. तरी पाय उचलेना. पोटातून काहीतरी ओरडत होतं की पडशील. ती तिथेच खाली बसली, आणि चष्मा काढून कितीतरी वेळ हुंदके देत राहिली.

सांगायचं कसं, याचीही भीती होती. कुणालाही वाटलं असतं, स्वतःवरचा आळ झटकायला रचलेली गोष्ट आहे. पण तिने दवाखान्याच्या बाकावर नवरा आणि नणंद दोघांना समोर बसवलं.

"वन्सं, आईंचं डोकं ठिकाणावर आहे. डोळे गेलेत, आणि उरलेलं दिसणं माझ्या रंगांनी घालवलं." तिने फोटो पुढे केला.

नणंदेने फोटो पाहिला, जवळ धरून पाहिला. "यात दार कुठाय?"

"तेच त्या विचारत होत्या," छटाबाई म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला होता, तो काढता येणार होता. दुसऱ्याचा मधला भाग झिजला होता, त्याला इलाज नव्हता. इतके दिवस आजी बोलल्या कशा नाहीत, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

तो प्रश्न छटाबाईने सासूबाईंना एकांतात विचारला. त्या प्लास्टरवरून बोट फिरवायला लागल्या.

"सुरुवातीला वाटलं, दिसत नाही म्हटलं तर मला खोलीत बसवून ठेवाल. हे करू नका, तिकडे जाऊ नका. मग ते खड्डे दिसायला लागले. तुम्ही सगळे त्यावरून खुशाल चालत होतात. मग मलाच वाटलं, डोकं फिरलं माझं. माझ्या जागी तू असतीस तर सांगितलं असतंस का कुणाला? बाहेर नेऊन सोडतील, असं वाटायचं मला. रोज वाटायचं."

"मी सोडलं असतं तुम्हाला?"

"तुझीच जास्त भीती वाटायची गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या घरात काही विजोड ठेवत नाहीस तू."



दुकानाशी बांधलेला जुना रंगारी होता, त्याला सगळे दादा म्हणत. त्याला बोलावून तिने चौकटी खरवडायला लावल्या तेव्हा तो कळवळला. "ताई, वर्षही झालं नाही! असं हातरुमालासारखं घर तुम्ही बिघडवताय?" तिने चष्म्याला पुन्हा क्रीम फासून तो त्याला दिला. दादा बोळात गेला आणि परत येऊन गुपचूप पत्री घेऊन खरवडायला बसला.

रंग सासूबाईंनी निवडले. त्या खुर्चीत बसायच्या, छटाबाई कार्ड भिंतीला लावून उभी राहायची.

"हा?"

"काय हा? तू नुसती हात वर करून उभी आहेस."

"आणि हा?"

"हां. हा दिसतो. विटेसारखा आहे."

वाळूचं कुळ तिने सोडलं नाही, पण त्यातल्या ज्या गडद छटांना ती घरात पाऊल ठेवू देत नव्हती, त्या आत आल्या. दारांच्या चौकटी ओल्या मातीच्या, पायरीची कड विटेची, संडासाची बैठक गडद तपकिरी. निळी पायपुसणी तिने कातरीने कापून कचऱ्यात टाकली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सासूबाई पुन्हा घरभर फिरायला लागल्या, सुनेच्या चुका काढायला लागल्या. खर्र आवाज कमी झाला. पूर्ण गेला नाही. कधी मधेच त्या अजून थबकतात, पाय पुढे टाकून चाचपतात, आणि ते पाहिलं की छटाबाईच्या काळजात चर्र होतं.

पण तिची खरी झोप उडाली ती नंतर. तिच्याकडे एक जाड वही होती, तिने रंगवून दिलेल्या घरांची. कुठल्या खोलीला कुठली छटा, सगळं त्यात होतं. घरं त्रेचाळीस. कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, हे मात्र तिने कधीच लिहिलं नव्हतं. विचारलंच नव्हतं.

ती एकेका घरी जायला लागली. बहुतेक ठिकाणी काही नव्हतं, तरुण जोडपी, लहान मुलं. सातव्या घरात मालकीणबाईंनी चहा दिला आणि सहज म्हणाल्या, "बाबा हल्ली खोलीबाहेर पडतच नाहीत. वय झालं." छटाबाई चहा तसाच ठेवून उठली, त्या खोलीशी गेली. दार उघडं होतं. आत खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, उंबऱ्याकडे टक लावून. तिने पिशवीतून लाल चिकटपट्टी काढली, गुडघ्यावर बसून उंबऱ्याच्या कडेला लावली, मग चौकटीला वरपर्यंत लावली. बाबा उठले. जवळ आले. एक पाऊल बाहेर टाकलं, आणि मालकीणबाईंकडे असे बघायला लागले की त्या माऊलीने तोंडाला पदर लावला.

वहीतलं एकविसावं घर तिने सर्वांत शेवटी ठेवलं होतं, कारण त्या घरच्या आजी तिला आठवत होत्या. रंगकाम चालू असताना त्यांनी तिला दोनदा पाणी आणून दिलं होतं. दार त्यांच्या सुनेने उघडलं.

"आजी कशा आहेत?"

"गेल्या. चार महिने झाले. जिन्यात पाय चुकला."

जिना तिथूनच दिसत होता. फिक्या राखाडी भिंती, फिक्या राखाडी पायऱ्या, कठडाही तसाच. छटाबाईला तोंड फिरवून निघून जाता आलं असतं. तसं तिला फार वाटलं. तरी ती आत गेली, बसली आणि सगळं सांगितलं, फोटो दाखवला, काही हातचं राखलं नाही. आता ही बाई ओरडेल, हात धरून बाहेर काढेल, याची वाट बघत मान खाली घालून बसून राहिली.

सून जिन्याकडे बघत होती. मग म्हणाली, "कठड्याला तुम्ही मध्यम छटा सुचवली होती. मीच म्हटलं, नको, वेगळा दिसेल."

बाहेर अंधारून आलं तरी कुणी उठून दिवा लावला नाही. शेवटी सुनेनेच विचारलं, "माझी आई पुढच्या महिन्यात इथं राहायला येतेय. तोवर जिना रंगवून होईल का?"

"उद्या सकाळी येते," छटाबाई म्हणाली.